तोंड मिटण्याचं वय

बाळ पालथं पडलं की फोटो निघतो. बसायला लागलं की निघतो. पहिला दात आला की खालचा ओठ बोटाने ओढून, बाळ केकाटत असताना, दाताचा फोटो निघतो. पहिल्या पावलाचा तर व्हिडिओच, आणि त्यात बाळापेक्षा ‘ये, ये, ये, अरे धरा त्याला’ हेच जास्त ऐकू येतं. पण मूल पहिल्यांदा ओठ घट्ट मिटून मान फिरवतं, तेव्हा कोणी फोन काढत नाही. एक तर हात रिकामे नसतात. एका हातात वाटी, दुसऱ्यात चमचा, मांडीवर सांडलेला भात.

मला विचाराल तर हा टप्पा दात येण्यापेक्षा मोठा. तोवर बाळाने नको म्हणायचं तर रडायचं, आणि त्या रडण्याचा अर्थ आपण लावायचा. भूक असेल, गॅस असेल, झोप आली असेल, नाहीतर दृष्ट. मिटलेल्या तोंडाचा अर्थ लावावा लागत नाही. बाळाला आपण हवं तेव्हा उचलतो, आंघोळ घालतो, रडत असताना टोपडं चढवतो. तोंडाला मात्र कडी आतून असते, आणि हे त्याला वर्षाच्या आतच कळतं. आपल्याला कळायला जरा वेळ लागतो.

आमच्याकडे थोरलीचं उष्टावण सातव्या महिन्यात झालं. मुलीला विषम महिना, मुलाला सम, हे सासूबाईंनी पंचांग न उघडता सांगितलं. डॉक्टरही म्हणाले, सहा महिने पूर्ण होऊन सातवा लागला की वरचं सुरू करा. शास्त्र आणि डॉक्टर एकाच तारखेला खूश, असं घरात क्वचित होतं. धाकट्याच्या वेळी पंचाईत झाली. सहावा महिना धरावा तर पाचच पूर्ण झालेले, आणि डॉक्टर तोवर अंगावरच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही द्यायला तयार नाहीत. आठव्यापर्यंत थांबावं तर उशीर. शेवटी मधला मार्ग निघाला. सहा महिने पूर्ण झाल्यावर घरातल्या घरात मऊ भात सुरू झाला, आणि आठव्यात चार पाहुण्यांसमोर, मामाच्या मांडीवर बसवून, चांदीच्या वाटीतल्या खिरीचा ‘पहिला घास’ झाला. त्या फोटोत धाकटा सराइतासारखा तोंड उघडून बसलाय. ‘किती गुणाचं बाळ, पहिल्याच घासाला आ केलंन्’ असं मामेसासूबाई म्हणाल्या, तेव्हा आईंनी (सासूबाईंना मी आई म्हणते) माझ्याकडे बघायचं टाळलं.

थोरलीने तिच्या उष्टावणाला मामाच्या शर्टावर खीर परत केली होती. ‘आवडली नाही वाटतं’ असा सगळ्यांचा निष्कर्ष. खरं तर तेव्हा आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. दूध ओढायला शिकलेली जीभ घट्टसर काही आलं की आधी बाहेर ढकलते. ती सवय मोडून घास मागे न्यायला तिला काही दिवस लागतात. ढकलणं वेगळं, मिटणं वेगळं. ढकलते ती जीभ, मिटतं ते मूल.

या वयाच्या मुलाला काय द्यायचं यावर घरात दोन सरकारं असतात. डॉक्टरांचं सरकार सांगतं, वर्षापर्यंत मीठ-साखर नको, वरचं गाईचं दूध पिण्यासाठी नको, आणि मध तर मुळीच नको. मधात कधी कधी बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात. मोठ्यांचं पोट त्यांना दाद देत नाही, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजू शकतात. आईंचं सरकार सहाण पुढे ओढतं. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, सुंठ, बदाम, खारीक. प्रत्येकाचे किती वेढे उगाळायचे ते त्यांच्या हातात बसलेलं. ‘माझ्या दोघांना जन्मल्या जन्मल्या सोन्याच्या वळ्याने मध चाटवला. दोघं इंजिनिअर झाले.’ यावर काय बोलणार? त्यातला एक इंजिनिअर माझ्याच समोर पेपर वाचत बसलेला असतो. मध टळला, गुटीवर थोडी घासाघीस झाली, आणि नाचणीच्या सत्त्वावर दोन्ही सरकारांचं एकमत झालं.

सत्त्व आईंनीच करावं. नाचणी निवडून, चार पाण्यांतून धुऊन भिजत घालायची. रोज पाणी बदलायचं, नाहीतर आंबूस वास धरतो. मग फडक्यात बांधून मोड काढायचे, आणि मिक्सरमधून पाणी घालत घालत वाटायचं. आईंना मिक्सर मान्य आहे, गाळणं मात्र जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यातूनच. दोन्ही हातांनी पीळ देताना त्यांच्या मनगटावरच्या शिरा वर येतात आणि पातेल्यात तपकिरी-गुलाबी दूध उतरतं. चोथा पुन्हा वाटायचा, पुन्हा गाळायचा. रात्रभर पातेलं न हलवता ठेवलं की सकाळी वर गढूळ पाणी आणि तळाला घट्ट थर. वरचं पाणी हलक्या हाताने ओतून द्यायचं, थर सुरीने सुटा करून ताटात पसरायचा आणि पंख्याखाली वाळवायचा. इतक्या नाचणीचं एवढंसं सत्त्व निघतं की पहिल्यांदा बघणाऱ्याला फसवणूक झाल्यासारखं वाटतं. मग त्यातलं चमचाभर पाण्यात कालवून, मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचं. ढवळणं थांबलं की गुठळी. आणि अशा तीन-चार दिवसांच्या खटपटीनंतर, फुंकर घालून निववलेला चमचा ओठांशी नेल्यावर समोरचे ओठ मिटतात.

तेव्हा राग येतो. का येऊ नये? आपल्याकडे माया मोजायचं माप वाटी हेच आहे. घरी आल्या आल्या मी पहिला प्रश्न ‘जेवला का?’ असाच विचारते. तो खेळला का, हसला का, दिवसभर काय शिकला, हे नंतर. आई उत्तर देतात तेही हिशोबात: ‘अर्धी वाटी गेली, बाकी थुंकला.’ ज्या दिवशी वाटी पूर्ण जाते, त्या दिवशी त्यांच्या आवाजातच कळतं.

हिशोब फक्त वाटीचा नसतो. थोरली रांगली नाही. बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत एका खोलीतून दुसरीत जायची, भलत्या वेगाने, एक पाय दुमडून, एका हाताने वल्हं मारल्यासारखी. शेजारच्या काकूंनी रोज जिन्यात गाठून विचारायचं, ‘अजून रांगत नाही?’ त्यांचा नातू म्हणे दहाव्या महिन्यात धावत होता. (सगळ्यांचेच नातू दहाव्या महिन्यात धावत असतात.) मी शेवटी शोधून वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतासह पाच देशांतल्या 816 मुलांची बसण्या-चालण्याची वयं टिपलेली आहेत. आपली मुलं दक्षिण दिल्लीतली. निरोगी, नीट खाऊन-पिऊन असलेली मुलं आधाराशिवाय चालू लागली ती कुठे 8.2 महिन्यांपासून तर कुठे 17.6 महिन्यांपर्यंत, आणि सगळीच ठीक. दोन्ही टोकांत नऊ महिन्यांहून जास्त अंतर, म्हणजे एक अख्खं गरोदरपण. आणि शंभरातली चारेक मुलं हातापायांवर रांगलीच नाहीत. मी हे काकूंना सांगितलं. ‘असेल बाई,’ त्या म्हणाल्या, ‘दिल्लीकडे असेल.’

त्या अभ्यासात बसणं आहे, रांगणं आहे, धरून उभं राहणं, धरून चालणं, सुटं उभं राहणं, सुटं चालणं आहे. तोंड मिटणं नाही. त्याला महिना ठरवून देता येणार नाही हे मला मान्य आहे. पण सरकारी माता-बाल कार्डावर वजनाच्या हिरव्या पट्ट्याशेजारी एक लहानसा चौकोन त्यासाठी असता, तर पहिल्या वेळी घाबरलेल्या आयांना बरं वाटलं असतं.

मिटलेलं तोंड उघडायच्या युक्त्या घरोघर आहेत. हा घास चिऊचा, हा काऊचा, हा माऊचा, हा बाबांचा. आमच्या गॅलरीतून डोंबिवलीची लोकल दिसते, त्यामुळे आमच्याकडे ‘ही बघ फास्ट, ही बघ स्लो’ असाही घास चालतो. स्लोला वेळ लागतो म्हणून आई स्लोच्या वेळेला दोन घास सारतात. नळाखाली कबुतर अंघोळ करायला आलं तर अख्खी वाटी संपते. हीही फसवणूकच, पण मला ती चालते. मूल कावळ्याकडे बघतं, मग आपल्याकडे, मग घासाकडे. आणि कावळा उडून गेला की हिशोब विस्कटतो, ते पुन्हा नको म्हणायला मोकळं. मोबाइल तसा उडून जात नाही. एका लग्नात मी एका बाळाला समोर कार्टून लावून जेवताना पाहिलं. डोळे पडद्यावर. चमचा ओठांना लागला की तोंड आपोआप उघडत होतं, बंद होत होतं. काय खातोय, किती खातोय, पोट भरलं की नाही, याच्याशी त्या मुलाचा काही संबंध उरला नव्हता. पंधरा मिनिटांत वाटी चाटूनपुसून साफ. त्या आईच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव मला ओळखीचा होता, त्यामुळे तिला नावं ठेवायची माझी तयारी नाही. पण ते बघताना अंगावर काटा आला. इतक्या कष्टाने मिळवलेलं ‘नको’ त्या मुलाच्या हातून अलगद काढून घेतलं होतं, आणि त्याला पत्ताही नव्हता.

याउलट पाळणाघर. तळमजल्यावरच्या काकूंकडे धाकटा जातो तेव्हा वरण-भात, भेंडी, दुधी, एकदा तर चक्क मेथीची भाजी खाऊन येतो. काकूंना गुपित विचारलं तर त्या हसल्या. ‘अहो, नऊ पोरं आहेत. सतरंजी टाकते, ओळीने बसवते, वाट्या ठेवते. कोण किती खातंय ते बघायला मला फुरसत कुठे? शेजारच्याच्या वाटीतलं संपलं की हे आपोआप खातात.’ घरी एका तोंडाकडे चार जण बघत असतात. तिथे कोणीच बघत नाही, म्हणून मिटण्यात काही गंमत राहत नाही.

हे काकूंना नुसत्या गर्दीने शिकवलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ते काम विचार करून उभं केलं. 1945 मध्ये बोर्डीला, मग डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर. वारल्यांची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी मुलांना ओढून आणलं नाही, बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणावर शाळा भरवली. आज खेड्यापाड्यांतली प्रत्येक अंगणवाडी त्या अंगणाचं नाव वागवते. 2 ऑक्टोबर 1975 पासून एकात्मिक बालविकास योजनेखाली तिथे वजन होतं, लस टोचली जाते, गरम खिचडी मिळते. मोठी माणसं त्या योजनेवर बरंच काही चांगलं-वाईट बोलतात. मला तिथली ती खिचडीची ओळ बघायला आवडते. जमिनीवर ताटल्या, मांडी घातलेली पोरं, एखादं दुसऱ्याच्या ताटलीत हात घालतंय, एखादं खातच नाहीये, आणि सेविका वजनाचं रजिस्टर भरतेय.

जमिनीवरून आठवलं. बोरनहाण. संक्रांत ते रथसप्तमीतला एक रविवार धरून आम्ही धाकट्याचं केलं. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याची बासरी. एवढं सगळं अंगावर चढवल्यावर तो आधीच वैतागलेला. पाटावर बसवून डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, बत्तासे सोडले. सोसायटीतली पोरं त्यावर तुटून पडली. त्या धांदलीत धाकट्याने शांतपणे पाटाच्या कडेचा एक चुरमुरा दोन बोटांत धरला, नीट निरखला आणि तोंडात टाकला. मग दुसरा. मग मुकुटाचा हलवा ओरबाडला. बोर त्याच्या हातून मी काढून घेतलं, बी घशात जायला वेळ लागत नाही. पण चुरमुरे खाऊ दिले. तासाभरापूर्वी याच मुलाने गुरगुट्या भाताच्या पहिल्या घासाला ओठ आवळले होते. जमिनीवरचा घास त्याचा स्वतःचा होता. भातावर आमचं नाव होतं.

तेव्हापासून मी क्लारा डेव्हिसची भक्त झाले. या अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी अंगावरचं दूध नुकतंच सुटलेल्या बाळांवर एक प्रयोग सुरू केला. जेवणाच्या वेळी बाळासमोर ताटात वेगवेगळ्या वाट्या: दूध, अंडी, सफरचंद, केळं, गाजर, बटाटा, बीट, ओट, मासे, मांस, कलेजी, हाडातला मगज. काही शिजलेलं, काही कच्चं, मीठ वेगळ्या वाटीत. सगळे मिळून 34 पदार्थ. शेजारी नर्स चमचा घेऊन बसायची, पण तिने घास पुढे करायचा नाही, ‘हे खा’ म्हणायचं नाही, कशाचं कौतुक करायचं नाही. बाळाने हात नेला किंवा बोट दाखवलं तरच त्यातला चमचाभर द्यायचा. तोंड उघडलं नाही तर चमचा परत. 15 मुलांची कित्येक महिन्यांची, काहींची काही वर्षांची, नोंद ठेवून त्यांनी 1939 मध्ये त्याचा गोषवारा मांडला. मुलांची जेवणं बघून कोणालाही चक्कर यावी. एखाद्या सकाळी नुसता संत्र्याचा रस आणि कलेजी. कधी कित्येक दिवस अंड्यांचा सपाटा, मग अंड्यांकडे ढुंकूनही नाही. पण वजनं वाढली, हाडं बळकट झाली. मुडदूस झालेल्या एका बाळासमोर कॉड माशाचं तेल ठेवलं होतं. त्याने बरं होईपर्यंत ते आपलं आपण घेतलं, आणि मग सोडून दिलं.

या प्रयोगाने मला आनंद होतो आणि थोडं पोटात कालवतंही. ती मुलं आईबापांपासून दूर, एका संस्थेत, प्रयोगासाठी वाढत होती. त्यांच्या मिटलेल्या तोंडाचा मान राखला, बाकी कशाचा किती राखला देव जाणे. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. शिवाय डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगून ठेवलंय की खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. त्या 34 वाट्यांत साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद काही नव्हतं. मुलांनी निवडलं ते मोठ्यांनी निवडून ठेवलेल्यातून. आमच्या ओट्यावरच्या बिस्किटांच्या डब्याला हे लागू केलं तर धाकटा महिनाभर क्रीम चाटून राहील. तेव्हा वाटून घ्यावं ते एवढंच: ताटात काय, ते आम्ही ठरवायचं, त्यातलं किती, ते त्याने. न खाल्लं तर ताट उचलायचं, चेहरा न पाडता.

हे सगळं मी एका रात्री जेवताना, नवऱ्याच्या आणि आईंच्या देखत, नीट समजावून सांगितलं. धाकट्याने आदल्याच क्षणी वरण-भाताला तोंड मिटलं होतं आणि मी, चेहरा न पाडता, ताटली उचलून ओट्यावर ठेवली होती. थोरलीने संधी साधून स्वतःचं कारलंही ओट्यावर नेऊन ठेवलं. नवऱ्याने प्रयोगाची आकडेवारी विचारली. आईंनी सगळं ऐकून घेतलं, ताकाची वाटी संपवली आणि विचारलं,

‘ती नर्स रात्री घरी जायची ना?’

‘जात असेल.’

‘मग बरोबर. तिला काय, मूल उपाशी निजलं तरी तिची पाळी संपली.’

साडेदहाला आतल्या खोलीतून आवाज आला, ‘भूक.’ मी पुस्तकातून मान वर करेपर्यंत आई उठल्या होत्या. सकाळी खाऊ दे पोटभर, भूक लागू दे की, असं मी म्हणणार होते, पण कुकरमधला भात त्यांनी तोवर चमच्याने मोडायला घेतला होता. वर मेतकूट भुरभुरलं, मीठ घातलं.

‘तूप कुठे ठेवलंयस गं?’ त्यांनी विचारलं.

‘वरच्या फळीवर, लहान बरणीत,’ मी म्हटलं, आणि काढून द्यायला उठले.